फांदीच्या अलीकडे

शिबिरप्रमुख कामडी सरांनी माझ्यापुढे डावा हात केला. मी तो दोन्ही हातांत घेतला, हळुवार दाबला आणि आवाजात जमेल तितकी काळजी आणून विचारलं, "उजव्याला काय झालं सर? फ्रॅक्चर का?"

सरांनी उजवा हात वर केला आणि पाचही बोटं हलवून दाखवली. माझ्यामागून माझी मुलगी मुक्ता पुटपुटली, "बाबा, स्काउट-गाइडमध्ये डाव्या हातानेच हात मिळवतात. मी घरी सांगितलं होतं."

सांगितलं असणार. आमच्या घरात सांगण्याचं खातं माझ्याकडे आणि ऐकण्याचं बायकोकडे, त्यामुळे असे घोटाळे होतात. नाशिकहून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन पहिल्याच वाक्यात मी एका धडधाकट माणसाचा हात मोडून ठेवला होता.

खरं तर मी जाणारच नव्हतो. मुक्ता नववीत आहे. शाळेच्या गाइड पथकात ती पहिल्यापासून टिकून राहिलेली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका गावाजवळ तिचं राज्य पुरस्काराचं चाचणी शिबिर होतं. चाचणी उतरली तर पुरस्कार. नाही तर पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे विषयच संपला. सोबत जाणाऱ्या बाईंना ऐन वेळी कांजिण्या निघाल्या आणि एखाद्या पालकाने जावं असं ठरलं. "मी जातो," असं मी म्हणालो तेव्हा बायकोने लाटणं खाली ठेवलं.

"तुम्ही? जंगलात? तुम्ही गच्चीवर कपडे आणायला जाताना टॉर्च नेता."

चंद्रपूर

प्रवासाचं काही सांगत नाही, झोपलो होतो. चंद्रपूरला उतरून बस स्थानकासमोरच्या एका हॉटेलात शिरलो. वाढणारा माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसत त्याने मुक्ताला विचारलं, "काय आनू बेटा? पोहे हायेत, आलूबोंडा हाय, जिलबी गरम हाय."

मुक्ता विचारात पडली. मुक्ता नेहमीच विचारात पडते. चपला घ्यायला गेलो तर तिचं ठरेपर्यंत दुकानदार दुसरी दोन गिऱ्हाइकं उरकून येतो. म्हणून आमच्याकडे अनेक वर्षांची एक सोय आहे. प्रश्न तिला, उत्तर माझं.

"पोहे. तर्री कमी," मी म्हणालो.

"भाऊ, मी पोरीले विचारून राह्यलो. तुमी काऊन बोलून राह्यले?"

"ती जरा लाजते हो."

"लाजत नाई ते. इचार करून राह्यली. करू द्या ना, कोनती गाडी सुटून राह्यली?"

मुक्ताने शेवटी पोहेच सांगितले. पण तर्री भरपूर. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून तो माणूस बाजूला उभा राहिला, तमाशा बघायला उभं राहावं तसा. नाशिकचा माणूस मिसळीच्या जोरावर स्वतःला शूर समजतो. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आणि कानांतून वाफ यायला लागली. मुक्ता शांतपणे खात होती.

"पोरगी खाते," तो म्हणाला आणि माझ्यापुढे न मागता जिलबी ठेवून गेला.

तलावाकाठी

मूल हे तालुक्याचं गाव मागे टाकलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल जवळ सरकलं. मध्येच ते बाजूला होई आणि कापून झालेली धानाची शेतं दिसत, त्यांत भाताचे भारे रचलेले पुंजणे, आणि प्रत्येक गावाच्या डोक्याशी एक तलाव. आमच्याकडे पाणी म्हटलं की धरण, कालवा, पाटबंधारे खात्याची पाटी. इथे तलाव म्हणजे गावातलंच एक मोठं माणूस असावं, तसं सगळं गाव त्याच्याकडे तोंड करून बसलेलं. आमच्याकडे थंडी पडली की लोक द्राक्षांची काळजी करतात. इथे थंडीत माणसं निवांत दिसली, गळ्याला मफलर आणि हातात उकडलेले शिंगाडे.

शिबिर अशाच एका तलावापासून जवळच्या मोकळ्या माळावर होतं. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली मुलं-मुली मिसळून संघ केले होते. मुलींच्या संघांना फुलांची नावं, मुलांच्या संघांना प्राण्यांची. मुक्ता पडली मोगरा संघात, आणि सरांनी तिला संघनायक केलं. मी सरांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "सर, पोरगी गुणी आहे, पण तिला चटकन ठरवता येत नाही. नायक दुसरं कुणी बघता का?"

सर म्हणाले, "बरं झालं सांगतलं." आणि काहीही बदललं नाही.

मोगऱ्यात कोरपन्याची रोशनी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. चंद्रपूर जिल्ह्यातली म्हणजे जंगलातली, असं धरून मी तिला विचारलं, "तुला वाघाचे ठसे ओळखता येत असतील ना?"

"काका, आमच्या इकडे कापूस हाय आन् सिमेंटचे कारखाने हायेत," ती म्हणाली. "वाघ मी बी नागपूरले पाह्यला. पिंजऱ्यात."

त्या दुपारी मुलींनी बांबू आणि सुतळी घेऊन बसायचे तिवे, म्हणजे तीन पायांची आसनं, बांधले. मदत करायचा मोह मला आवरला नाही. एक तिवा मी बांधला. सर पाहणी करत आले, त्यांना बसा म्हणायचा मान मी घेतला, आणि 'असं बसायचं' हे दाखवायला आधी स्वतः बसलो. आकाश दिसलं. सरांनी सुटलेली सुतळी उचलली आणि विचारलं, "ही गाठ कोनाची?" सगळा मोगरा संघ अत्यंत आदराने माझ्याकडे बघू लागला.

संध्याकाळी बिनभांड्यांचा स्वयंपाक होता. खरोखरच एकही भांडं नाही. बांबूच्या हिरव्या नळीत तांदूळ-पाणी घालून, पानाचं बूच लावून नळी निखाऱ्यावर. पळसाच्या पानांत गुंडाळलेले कणकेचे पानगे राखेत. वांगी थेट आगीत. नळी फोडली तेव्हा आत बांबूच्या वासाचा पांढराशुभ्र भात उभा होता. आमच्या घरी कुकरची शिट्टी नीट होत नाही म्हणून भांडणं होतात, आणि इथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी कुकरच रद्द केला होता. मी तीन पानगे खाल्ले. राखेसकट.

जेवताना मी सरांना म्हणालो, "छान शिकवता. तंबू, गाठी, स्वयंपाक."

"भाऊ, तंबू भाड्यानं भेटते," सर म्हणाले. "सुतळी नसली तर तार भेटते. त्याच्यासाठी पोराईले एवढ्या दूर कोन आनते?"

"मग कशासाठी आणता?"

"उद्या पाहजा. उद्या मोगऱ्यासंग निरीक्षक म्हनून तुमीच जा. नियम एकच, बोलायचं नाई. सांगायचं नाई, सुचवायचं नाई, खाकरायचं बी नाई. जिवावरचं वाटलं तर ही शिट्टी. पन शिट्टी वाजली का मोगऱ्याची चाचणी तिथीच संपली."

"पण मुलीच्याच संघाबरोबर तिचा बाप?"

"हो ना. तुमची बी चाचणी होऊन जाईल."

मोगरा निघाला

सकाळी झेंड्याखाली सगळ्यांनी नियम म्हटले. पहिला नियम, स्काउट आणि गाइड विश्वासपात्र असतात. मग निष्ठा, मैत्री, धैर्य वगैरे. शाळेतली प्रतिज्ञा म्हणतात तशा एका सुरात म्हटले, आणि मी शाळेत ऐकत असे तसेच ऐकले, म्हणजे पायाशी फिरणारी मुंगी बघत.

चाचणी अशी होती. आदल्या संध्याकाळी सरांनी वाटेवर दगड-काड्यांच्या खुणा मांडल्या होत्या. बाण दिसला की त्या दिशेला जायचं, फुली दिसली की ती वाट नाही. खुणा वाचत जंगलातून पलीकडच्या गावातल्या शाळेपर्यंत पोचायचं. जो संघ कमीत कमी वेळात पोचेल त्याला शिबिराचा झेंडा. सगळ्यांत आधी मोगरा, अर्ध्या तासाने मुलांचा वाघ संघ, त्यानंतर बाकीचे.

पहिले बाण सोपे होते. तलावाची पाळ, पाळीखालची पाऊलवाट, मग साग आणि बांबू सुरू. पाचोळ्यावर आमच्या पावलांचा एवढा आवाज होत होता की जंगलाने कानांवर हात ठेवले असतील. गळ्यात शिट्टी, तोंडाला कुलूप, असा मी शेवटी चालत होतो. न बोलता चालणं मला नवीन होतं. माणूस न बोलता चालला की त्याला स्वतःचे गुडघे ऐकू येतात.

एका वळणावर वाटेत आडवी फांदी पडली होती, पानांनी भरलेली. आणि तिच्या पलीकडे, स्पष्ट दिसेल असा, सरांचा दगडांचा बाण. पुढे जा.

आता नाशिकमध्ये मी जबाबदार नागरिक आहे. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की बाजूला करतो. बोलायला बंदी होती, हात हलवायला नव्हती. मी पुढे झालो, फांदी उचलली आणि बाजूच्या झुडपात टाकून हात झटकले. मनात म्हटलं, मोगऱ्याची एवढी तरी सोय.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "ती होती तिथे परत ठेवा."

मी ठेवली. ती खाली बसली आणि फांदीकडे बघू लागली. बाकीच्या मुली पाय बदलत उभ्या. रोशनी म्हणाली, "चाल ना मुक्ता, तो पाह्य बाण. मागून वाघ येऊन राह्यले." म्हणजे वाघ संघ.

मुक्ता उठेना. हे दृश्य मी चपलांच्या दुकानात शंभरदा पाहिलेलं आहे. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, 'अगं बाण आहे ना, जा पुढे.' ते मी गिळलं. तर्रीपेक्षा तिखट लागलं.

"ही पडलेली नाही, तोडलेली आहे," मुक्ता सावकाश म्हणाली. "कुऱ्हाडीने. तोडलेलं टोक बघ, अजून ओलं आहे. आणि इथे सगळा साग आणि बांबू. हे झाड इथलं नाहीच. कुणीतरी मुद्दाम आणून टाकलीय."

"सरनंच टाकली असंल. अडथळा."

"सरांची फुली असती. सरांच्या खुणा काल संध्याकाळच्या आहेत, ही आज सकाळची आहे."

"मंग म्हंजे काय?"

"मला माहीत नाही," मुक्ता म्हणाली. "म्हणून मागे जायचं आणि विचारायचं."

मागे! त्या शब्दाबरोबर माझ्या डोळ्यांसमोरून झेंडा गेला, पुरस्कार गेला, दहावी आली. शिट्टी छातीवर धडधडत होती. मुलींची कुजबुज झाली, एकदोघी चिडल्यासुद्धा. मुक्ताचा चेहरा लाल झाला होता, पण ती वळली आणि चालू लागली. तिच्यामागे रोशनी. मग सगळ्याच.

पाळीवर एक ढीवर, म्हणजे तलावात मासे धरणारे, गृहस्थ जाळं पसरून बसले होते, दुरुस्ती चालली होती. मुक्ताने नमस्कार करून फांदीचं विचारलं. त्यांचा हात थांबला.

"पलीकडं नाई ना गेल्या कोनी?"

"नाही भाऊ."

"जाऊच नोका बाई. पहाटे गुराख्याले वाघीन दिसली तिथी, पिल्लं हायेत संग. आमीच फांदी टाकून आलो. फांदी आडवी दिसली का गावातलं कोनी तिच्या पलीकडं पाय नाई टाकत." मग त्यांनी डोळे बारीक केले. "सरकवली होती का कोनं?"

"बाबांनी," मुक्ता म्हणाली. "पण परत ठेवली."

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी दोन्ही हात जोडले. "भाऊ मुके हायेत का?" त्यांनी मुलींना विचारलं.

"नाही, आज त्यांना बोलायची परवानगी नाही."

"कोनं काढली, बायकोनं?"

"सरांनी."

"सरनं होय! कमाल हाय बा सरची," ते म्हणाले आणि शिंगाड्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. मला शिंगाडा सोलता येईना. त्यांनी दोन सोलून दिले.

पलीकडच्या गावाला पाळीवरून वळसा घालून मोकळ्या शेतांतून जाता येतं, लांब पडेल पण धोका नाही, असं त्यांनी सांगितलं. रोशनी उठली, "चाल, पळत गेलो तर अजून बी झेंडा आपलाच."

मुक्ता पुन्हा विचारात पडली. या वेळी मी वाट पाहिली.

"आपण गेलो तर मागच्यांना कोण सांगणार?" ती म्हणाली. "खूण मांडून गेलो तर मुलांना वाटेल आपणच फसवतोय. इथेच थांबायचं. शेवटचा संघ येईपर्यंत."

एका मुलीने पाठपिशवी उतरवून खाली ठेवली, मग बाकीच्यांनी.

वाघ संघ आला. पुढे तन्मय, वरोऱ्याचा, उंच, तोंडाने जोरदार. मोगरा पाळीवर बसून शिंगाडे खातोय हे बघून त्याला आनंद झाला. मुक्ताने सगळं सांगितलं. तो हसला.

"वा! आमाले मागं ठेवाची बढिया आयडिया हाय. समोर वाघीन हाय म्हने!"

त्याची मुलंही हसली. मी पुढे सरकलो. साक्षीदार होतो मी, चांगला पन्नाशीचा, चष्मेवाला. जाळं विणणारे भाऊ पाण्याकडे उतरले होते, तेव्हा बोलणं माझ्याकडेच आलं होतं. तोंड उघडणार, एवढ्यात मुक्ता त्याच्यासमोर सरळ उभी राहिली.

"तन्मय, मी गाइड म्हणून सांगतेय."

एवढंच. आवाज चढवला नाही, शपथ नाही, आईची आण नाही. तन्मयचं हसू गेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, जंगलात शिरणाऱ्या वाटेकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. तिने मिळवला.

"चला रे," तो मागे वळून म्हणाला, "पाळीवरून."

एकानेही 'काऊन' विचारलं नाही. सगळे वाघ निमूट वळले.

मी तिथेच पाळीवर बसलो. 'पाच मिनिटांत पोचतो' असं मी फोनवर म्हणालो तर माझी बायको भाजी चिरायलासुद्धा घेत नाही, इतका माझ्या शब्दाला घरात मान आहे. आणि इथे माझ्या पोरीच्या एका वाक्यावर वाघांचा अख्खा कळप फिरला होता. सकाळी ज्या नियमाच्या वेळी मी मुंगी बघत होतो, तो इथे दोन मुलांच्या डाव्या हातांत धरलेला मला दिसला.

पोरं पाळीवरून दूर गेली, आणि पलीकडच्या झाडीतून चितळ ओरडलं. एकदा, दोनदा, मग वानरांनी गिल्ला केला. पाण्यातले भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तिकडे बघत होते. मोगऱ्यातल्या मुली एकमेकींना चिकटल्या. मी हळूच शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. तिची आता गरज राहिली नव्हती.

शेवटचा संघ आल्यावरच मोगरा निघाला. शाळेत पोचलो तेव्हा खिचडी गार झाली होती आणि झेंडा वाघ संघाच्या हातात होता. सरांनी मुक्ताला उशिराचं कारण विचारलं. तिने चार वाक्यांत सांगितलं. त्यांत 'मी' हा शब्द एकदाही नव्हता, मी उचललेली फांदी मात्र होती. सरांचा चेहरा आधी उतरला, मग ते म्हणाले, "बस. चाचणी उतरली तुही." आणि मोटारसायकल काढून ते तडक पाळीवरच्या भाऊंना भेटायला गेले.

तन्मय झेंडा खांद्यावर टाकून मोठ्याने म्हणाला, "या मोगऱ्यानं सांगतलं नसतं तर झेंडा घ्याले वाघ नसते अन् वाघिनीचा नाश्ता झाला असता!" सगळ्यांत जास्त टाळ्या रोशनीने वाजवल्या.

निघताना सरांनी हात पुढे केला. मी काही न विचारता डावा दिला.

वैनगंगेच्या पलीकडे

एवढं आलोच आहोत तर गडचिरोली बघून जाऊ, म्हणून एसटीत बसलो. गणवेशाशिवाय दुसरं काही धुतलेलं नसल्याने मुक्ता गणवेशातच. वैनगंगेच्या पुलाआधी एक बाई चढल्या, कडेवर पोर, डोक्यावर बोजा. बसमध्ये मी खिडकीशी, प्रतिष्ठित दिसत बसलो होतो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मुक्ताच्या गळ्यातल्या स्कार्फकडे पाहिलं, आणि पोर मुक्ताच्या मांडीवर दिलं. "धर वं बाई जरा." माझ्या मांडीवर वांग्यांची पिशवी आली.

नदी रुंद होती, थंडीतही भरपूर पाण्याची. पोर स्कार्फचं टोक चोखत झोपी गेलं. गडचिरोलीत सरकारी कचेऱ्या, पोलिसांच्या गाड्या, सूरजागडच्या लोहखाणींकडून आलेल्या ट्रकांची लाल धूळ, असं बरंच काही पाहिलं. एका खानावळीत लाखोळीची डाळ आणि मासोळीचा रस्सा-भातही हाणला. पण सांगण्यासारखं दृश्य ते बसमधलंच. वांगी मांडीवर घेऊन बसलेला इतका फुगलेला बाप त्या एसटीने पूर्वी वाहिला नसेल.

नाशिक

वाघिणीचं मी घरी सावकाश, योग्य वेळी सांगणार होतो. मुक्ताने दार उघडल्या उघडल्या सांगितलं, फांदीसकट. बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. हिशेब नंतर होणार, हे मला कळलं.

सकाळी ती ओट्याशी उभी होती. "मुक्ता, पोहे करू की उपमा?"

मुक्ता विचारात पडली.

मी पेपर उघडला. पहिलं पान वाचलं. पंख्याकडे पाहिलं. घरात फक्त घड्याळ वाजत होतं. मुक्ताचा विचार चालू होता. तिला तिचा वेळ घेऊ दे, कोणती गाडी सुटून राह्यली?

बायकोने गॅस बारीक केला, हात पदराला पुसत माझ्यापाशी आली, आणि कपाळावर तळवा ठेवून म्हणाली,

"ताप तर नाहीये. मग बोलत का नाही तुम्ही?"